रिकामा पाठवलेला डबा

मयुराला मी शिकवलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण हल्ली हे दुसरं कुणी सांगत नाही. एक मयुरा सांगते, आणि तिनं सांगितलेलं मला आवडत नाही.

फरीदाबादला येऊन आम्हाला एकतीस वर्षं झाली. पद्माकर, म्हणजे आमचे हे, इथल्या एका कारखान्यात इंजिनियर होते. आता निवृत्त आहेत आणि माझ्या कामात नाक खुपसायला पूर्ण मोकळे आहेत. एकुलती एक मुलगी सृष्टी बंगळूरला नोकरी करते. आणि मी, कुमुदिनी, झाडाच्या सालीचे डबे करते. पानिपतच्या पुढं यमुनेच्या अंगाला शेतकरी प्लायवूडसाठी पॉपलरची झाडं लावतात. मार्चमध्ये, पालवी फुटायच्या वेळी तोडणी झाली की साल आतून ओली असते. उभा छेद द्यायचा, बोटं आत सरकवायची, की उकडलेल्या बटाट्याचं निघावं तसं अख्खं सालपट हातात येतं. त्या लोकांच्या लेखी ते जळण. माझ्या लेखी वर्षभराचा माल.

करायची रीत ऐकायला सोपी आहे. सालीचा लांब पट्टा घ्यायचा, मधोमध बाहेरच्या बाजूनं डोळ्याच्या आकाराची रेघ अर्ध्या जाडीपर्यंत कापायची आणि दोन्ही बाजू वर दुमडायच्या. डोळ्याचा तळ होतो, बाजूंच्या भिंती होतात. मग दोन्हीकडच्या कडा आरीनं टोचून सालीच्याच आतल्या चिवट पट्टीनं शिवायच्या. सगळं कसब त्या टोचण्यात आहे. सालीचे धागे उभे असतात. भोकं एका सरळ रेषेत पाडली, तर साल वाळून आकसताना पोस्टाच्या तिकिटांसारखी नेमकी त्याच रेषेवर फाटते. म्हणून एक भोक कडेजवळ, पुढचं जरा आत, असं नागमोडी टोचत जायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. बारा वर्षांपूर्वी केलेला माझा पहिला डबा सातव्या दिवशी टरकला तेव्हा कळलं. तो मी रागानं रद्दीच्या ढिगात फेकला. बिघडलेली वस्तू मला डोळ्यांसमोर नको असते.

त्यानंतर मात्र माझ्या डब्यांनी अख्खी दिल्ली पाहिली. लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरांपासून गुरगावच्या विसाव्या मजल्यापर्यंत जिथं जिथं मराठी घर आहे, तिथं माझा एखादा डबा सापडेल. मी विकत नाही, देते. आणि देताना माझ्या आईचा नियमही सोबत देते: डबा रिकामा परत करायचा नाही. कुणाचा डबा घरात आला तर त्यात लाडू घाल, नाहीतर चिमूटभर साखर घाल, पण रिकामा पाठवू नकोस. आमच्या शेजारच्या मिसेस भाटियासुद्धा आता माझ्या डब्यातून मठरी घालून पाठवतात. आयुष्यात मी कुणाचा डबा रिकामा परत पाठवलेला नाही. एकदाच पाठवला, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

मयुरा तीन वर्षांपूर्वी पुण्याहून आमच्या सेक्टरमध्ये राहायला आली. तिच्या नवऱ्याची बदली इथं झाली, तिचं ऑफिस गुरगावला, पण आठवड्यातले तीन दिवस ती घरूनच काम करते. मंडळाच्या गणपतीत तिनं माझा डबा हातात घेतला, उलटा केला, तळ बघितला आणि म्हणाली, "काकू, मला शिकवाल?" लोक डबा वरून बघतात. हिनं तळ बघितला, तेव्हाच मी ओळखलं की पोरीला हात आहे. त्याचा मला आनंद झाला होता, हेही खरं आहे. आनंद साधारण आठ महिने टिकला.

मग तिनं झाकण केलं. बारा वर्षांत मला सालीचं झाकण नीट जमलेलं नाही. एकतर घट्ट होतं, नाहीतर डगडगतं. तिनं डबा आधी पूर्ण वाळू दिला, मग त्याच्या मापानं झाकण बेतलं, आणि ते असं बसलं की दाबताना आतली हवा हळूच बाहेर आली. एवढं साधं होतं, आणि मला बारा वर्षं सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "वा." त्या रात्री माझ्या पोटात दुखायला लागलं. ओवा खाऊन थांबणाऱ्यातलं ते दुखणं नव्हतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर कहर झाला. नव्यानं आलेल्या एका बाईंनी माझ्या हातातला, माझा, मी केलेला डबा बघून विचारलं, "अय्या, अगदी मयुरासारखाच! तुम्ही तिच्याकडे शिकता का?" मी हसले. मयुरा पलीकडून धावत आली. "अहो, उलट आहे. काकू माझ्या गुरू आहेत." त्या बाई "हो का, हो का" करून मयुराकडेच वळल्या आणि तिला झाकणाबद्दल विचारायला लागल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गुरूची ओळख शिष्येला करून द्यावी लागते, यातच सगळं आलं.

तशात सृष्टीचं लग्न ठरलं. मुलगा नचिकेत, तिच्याच ऑफिसातला, मूळ नागपूरचा. लग्न मे महिन्यात, इथंच फरीदाबादला. आणि लग्न म्हटलं की रुखवत आलं. मुलीकडच्यांनी हातानं केलेल्या वस्तू मांडवात मांडायच्या आणि सगळ्या वऱ्हाडानं त्या न्याहाळायच्या, नावं ठेवायची, वाखाणायच्या. मी जानेवारीतच मनात मांडे खाऊन ठेवले होते. एकात एक बसणारे पाच डबे करायचे, सगळ्यात छोट्यात हळकुंड. कुणाची बिशाद होती मग विचारायची की तुम्ही कुणाकडे शिकता!

मार्चमध्ये साल आणायला आम्ही तिघं गेलो, पद्माकर, मी आणि मयुरा. पानिपत आलं की पद्माकर गाडी हळू करतात आणि "इथंच आपलं सगळं..." म्हणून सुस्कारा टाकतात. दरवर्षी टाकतात. मयुरा हसली. मला तो सुस्कारा पाठ आहे.

शेतावर सतबीरजींनी तोडलेली झाडं ओळीनं पडली होती. मी एका खोडावरून तीन हात साल काढली, तेवढ्यात मयुरानं शेजारच्या खोडाची साल एका छेदात, कुठंही न चिरता, अंगरख्याची बाही काढावी तशी काढली. सतबीरजी कमरेवर हात ठेवून बघत होते. म्हणाले, "बहनजी, चेली तो गुरु से आगे निकल गई."

"बिल्कुल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात फोन वाजला. मयुराचा. केला होता सृष्टीनं; सुट्टीला आली की ती मयुराकडेच पडलेली असते. आईच्या फोनला रेंज होती, पूर्ण रेंज होती, मी काढून बघितली. मयुरा झाडांच्या ओळीपलीकडे जाऊन पंधरा मिनिटं बोलत राहिली. एकदा मला तिचं "नाही गं, काकू मला जिवंत ठेवणार नाहीत" एवढंच ऐकू आलं. परतीच्या वाटेवर मग मला फोन आला.

"आई, सुन ना. रुखवतातला डबा मयुराताई करतेय. तू बिल्कुल टेन्शन घेऊ नको. तू बाकीचं बघ."

"बाकीचं म्हणजे काय?"

"म्हणजे, लाडू, चिवडा वगैरे."

"बरं," मी म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. मागच्या सीटवर मयुरा होती, त्यामुळे रडताही येईना.

घरी आल्यावर पद्माकर म्हणाले, "एक डबा ती करेल, पाच तू कर. टेबल काय लहान आहे?"

"मला सांगितलं नाही ना पोरीनं! माझ्या मुलीच्या रुखवतात डबा ठेवायचा, आणि तो शेजारणीनं करायचा!"

"अगं, घर की मुर्गी दाल बराबर. चालायचंच."

"मग आजची दाल तुम्हीच शिजवा," मी म्हटलं आणि जाऊन पडले.

पाच डब्यांचा संच मी केला नाही. आरीला हातच लावला नाही. आणलेली साल बाल्कनीत वाळून खडखडीत झाली आणि एप्रिल उजाडेपर्यंत तिचं खरंच जळण झालं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मयुरा डबा घेऊन आली. वीतभर उंच, साधा, बिनझाकणाचा. झाकण नाही म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं. मग मी तो फिरवून शिवण बघितली. भोकं एका रेषेत होती. काठापासून तळापर्यंत, पट्टीनं आखल्यासारखी सरळ. शिवलं होतं तेही सालीच्या पट्टीनं नव्हे, बुटाच्या पांढऱ्या नाडीनं.

पहिल्या दिवशी पहिली गोष्ट मी तिला हीच शिकवली होती. तीन वर्षांत तिचं एक भोक सरळ रेषेत गेलेलं मी बघितलं नव्हतं. आणि आता लग्नाच्या डब्यालाच ही चूक? वर नाडी, सजावट म्हणून! मला वाटलं, चढली हिला. कौतुक डोक्यात गेलं की हात असाच सुटतो.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. किती दिवसांनी पोटातलं दुखणं थांबलं. पुढचं सगळं मला लख्ख दिसलं. मे महिन्यात लू सुटणार, साल आकसणार, आणि भर मांडवात, माझ्या सगळ्या ओळखीपाळखीच्या बायकांसमोर मयुराचा डबा उभा टरकणार. मग सृष्टी म्हणणार, आई, तूच करायला हवा होतास.

"कसा झालाय, काकू?"

"छान."

"नीट बघा ना. शिवण बघा."

"बघितली. छान आहे."

"काही बदलू का? अजून वेळ आहे."

"कशाला? तुझा हात आता माझ्यापेक्षाही बसलाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, अजून कौतुक हवंय. चहा झाला तरी उठेना. जाताना डबा टेबलावरच ठेवून म्हणाली, "चार दिवस तुमच्याकडेच राहू दे. येता जाता नजर टाका. काही वाटलं तर लगेच फोन करा, प्लीज."

मी मूग गिळून बसले. टेबल बाल्कनीच्या दाराशीच; तिथं चार दिवस डबा होता आणि गरम वारा त्याच्यावरून वाहत होता. सालीचं काम करणारीनं ओला डबा असा वाऱ्यात ठेवायचा नसतो. मी तो हलवला नाही. चौथ्या दिवशी तिसऱ्या भोकाखाली केसाएवढी चीर दिसली. मी त्यात नख घालून बघितलं. नख गेलं.

संध्याकाळी पद्माकर फिरायला निघाले तेव्हा मी डबा त्यांच्या हातात दिला. "मयुराकडे देऊन या."

त्यांनी आत डोकावून बघितलं. "रिकामा?"

"लग्नाचा डबा आहे. त्यात काय घालायचं?"

"साखर तरी घाल. तूच सगळ्यांना सांगतेस."

"उगीच मुंग्या लागतील."

ते चप्पल घालून गेले. मी त्या वेळी साखरेच्या बरणीला टेकूनच उभी होते.

सृष्टी लग्नाच्या आठ दिवस आधी आली. बॅग ठेवली, मला मिठी मारली आणि दहाव्या मिनिटाला मयुराकडे पळाली. दोन तासांनी आली. मी तिच्या डोक्याला तेल लावायला बसले, तेव्हा तिनं विचारलं, "आई, मयुराताईनं डबा दाखवला ना तुला? कसा वाटला?"

"छान आहे."

"बस? छान?"

"मग काय पोवाडा गाऊ?"

तिनं मान खाली घातली. मला वाटलं, लाडक्या ताईचं कौतुक कमी पडलं म्हणून फुगली. सांगून टाकावं असं ओठांवर आलं होतं, पण ते फुगणं बघून परत आत गेलं. मी तिची वेणी जरा घट्टच घातली.

लग्नाच्या सकाळी हॉलमध्ये रुखवताचं टेबल डाव्या हाताला मांडलं होतं. ते मयुरानं मांडलं, मी त्या बाजूला फिरकले नव्हते. मुहूर्ताला तासभर असताना, पाहुणे अजून नाश्त्यात असताना, मी तिकडे गेले. डबा टरकलाय का ते बघायला गेले होते. दुसरं काही कारण नव्हतं.

टरकला होता. तिसऱ्या भोकापासून पार तळापर्यंत, करंगळी जाईल एवढी फट. आणि त्याच्या शेजारी आणखी एक डबा ठेवला होता. काळपट, वाकडा, एका बाजूला झुकलेला. त्यालाही तिथंच, तशीच फट. त्यालाही बुटाची नाडी, चहात बुडवल्यासारखी पिवळी पडलेली. दोन्ही डब्यांपुढं सृष्टीच्या अक्षरातली पुठ्ठ्याची कार्डं होती. जुन्यापुढं लिहिलं होतं, "आईचा पहिला डबा". नव्यापुढं, "त्याची जोडी".

मी जुना डबा उचलला. नाडीच्या टोकाला दुहेरी गाठ होती, माझी गाठ. सगळं आठवलं. बारा वर्षांपूर्वी सालीची पट्टी हातात सारखी तुटत होती, म्हणून मी चिडून सृष्टीच्या शाळेच्या बुटाची नाडी ओढून काढली होती. दुसऱ्या दिवशी पोर एका बुटाला सुतळी बांधून शाळेत गेली होती. आणि एप्रिलमध्ये तशीच नाडी, तशीच सरळ भोकं माझ्या हातात होती, चार दिवस माझ्या घरात होती, तरी मला माझाच डबा ओळखता आला नव्हता.

"रद्दीतून काढला होता मी," मागून आवाज आला. सृष्टी होती, पिवळी साडी, मुंडावळ्या बांधलेल्या, आणि तिचा पदर सावरत मयुरा. "तू फेकलास त्याच दिवशी. होस्टेलवर क्लिपा ठेवायचे त्यात."

"मग मला सांगायचं ना. मी चांगला करून दिला असता."

"म्हणूनच नाही सांगितलं. तू चांगलाच केला असतास, यार. मला हाच हवा होता." तिनं डबा माझ्या हातातून घेतला आणि परत जागेवर ठेवला. "चांगले सगळे तू लोकांना दिलेस, आई. माझ्या वाट्याला हा एकच आला. तोही मी उचलून आणला म्हणून."

खरंच, सृष्टीला मी कधी एक डबाही दिला नव्हता. घरातच तर आहेत, असं वाटायचं.

"मयुराताई तर करायलाच तयार नव्हती," सृष्टी म्हणाली. "म्हणे सरळ भोकं पाडली तर फाटेल. मी म्हटलं, पाड तू. पाड आणि आईला नेऊन दाखव. ती पहिल्या भोकालाच ओरडेल, मग आपण सगळं सांगू, आणि तिघी मिळून शिवायला बसू. तेवढाच तर प्लॅन होता. पण ही म्हणाली, काकूंनी छान म्हटलं." ती माझ्याकडे बघायला लागली. "आई, तुला खरंच दिसलं नाही?"

आता मला दोनच वाटा होत्या. नाही म्हटलं असतं तर सुटले असते. वय झालं, नजर कमी झाली, लग्नाच्या गडबडीत लक्ष नव्हतं, कुणीही मानलं असतं. पण मयुरा समोर उभी होती. तिच्यासमोर, मला सरळ भोकं दिसली नाहीत, असं कबूल करायचं? जिच्या हाताला मी वळण लावलं, तिच्यासमोर?

"दिसलं होतं," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी."

हे मी चांगुलपणानं सांगितलं नाही. मत्सरानंच सांगितलं, पण सांगितलं.

सृष्टीचा चेहरा पडला. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. ती हळूच म्हणाली, "दिसलं. आणि तू फाटू दिलास. माझ्या लग्नात." तेवढ्यात आतून कुणीतरी गौरीहराच्या पूजेसाठी तिला हाक मारली. ती पदर सावरत गेली. मागं वळून बघितलं नाही तिनं.

मयुरा तिथंच उभी राहिली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"डबा रिकामा आला तेव्हा कळलं."

"मग सृष्टीला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुम्ही सांगाल." तिचे डोळे भरले होते. "रोज वाटायचं, आज काकूंचा फोन येईल आणि त्या मला झापतील. मी फोन जवळ घेऊन बसायचे."

झालं. डबा तिचा चांगला, झाकण तिचं चांगलं, आणि मनानंही तीच माझ्यापेक्षा मोठी निघाली. पानिपतावर थांबून उगीच सुस्कारे टाकतात आमचे हे. माझं तर इथंच, सेक्टरमधल्या एसी हॉलमध्ये झालं.

शेजारच्या टेबलावर अक्षतांचं ताट होतं. मी दोन्ही हातांनी तांदूळ घेतले आणि नव्या डब्यात घातले. एक ओंजळ घातली, दुसरी घातली. तांदूळ फटीतून बारीक धारेनं टेबलावर सांडायला लागले. मी तळहातानं फट दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं घालत राहिले.

नाश्ता आटोपून बायका यायला लागल्या होत्या. सगळ्यात पुढं त्याच, संक्रांतीच्या बाई.

"अय्या, हे काय गोड! कुणी केलं?"

"जुना माझा," मी म्हटलं. "नवा हिनं केला."

"पण हा तर फाटलाय."

"फाटू मी दिला."

बाईंना काही कळलं नाही. कळणार तरी कसं? त्या मयुराकडे वळल्या आणि म्हणाल्या, "फाटला तरी काय सुबक आहे गं! कसब आहे तुझ्या हातात." आणि सांगते, तेव्हासुद्धा माझ्या पोटात दुखलं. इतकं सगळं होऊनही दुखलं. मी मयुराकडे बघितलं, तिच्या त्या लाजलेल्या, भरल्या डोळ्यांच्या तोंडाकडे, आणि एप्रिलपासून घशात अडकलेलं एकदम बाहेर आलं.

"मयुरा! भोकं सरळ रेषेत पाडतात का गं मूर्खासारखी? तीन वर्षं काय शिकवलं मी तुला? एक कडेला, एक आत! एक कडेला, एक आत! आणि नाडी कसली लावतेस, साल संपली होती का देशातली?"

भटजींचं म्हणणं मध्येच थांबलं. पद्माकर हातात फेटा घेऊन दारातच उभे राहिले. संक्रांतीच्या बाई दोन पावलं मागं सरकल्या.

"चुकलं, काकू," मयुरा म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. "पर्समध्ये आरी आहे. काढू?"

"काढ. आणि सालीची पट्टी बघ कुठं मिळते का. मला हलता येत नाही."

पलीकडे गौरीहरापाशी बसलेल्या सृष्टीनं मान वळवून आमच्याकडे बघितलं. हसली की नाही, ते मुंडावळ्यांच्या आडून नीट दिसलं नाही. नीट बघायला मला दोन पावलं पुढं जायला हवं होतं, पण हात काढला असता तर सगळे तांदूळ सांडले असते. मी फट दाबून तशीच उभी राहिले.